मुलाचे वय आणि तिकिटाचा दर

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांत हल्ली एका प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलाला थीम पार्क दाखवायला नेमके कोणत्या वयात न्यावे? तीन वर्षांचे पोर रांगेत रडेल. पाचव्या वर्षी नेले तर मोठेपणी त्याला काही आठवणार नाही. बाराव्या वर्षापर्यंत थांबावे तर त्यातली सारी जादू उडून गेलेली असेल. खोपोली, हाँगकाँग, फ्लॉरिडा, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ठिकाण बदलते. प्रश्न बदलत नाही. पक्षाच्या सहानुभूतीदारांच्या घरांतही तो विचारला जातो आणि तो निघाला की घरातील समाजवादी माणूस एकतर ओशाळतो, नाहीतर वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. दोहोंचेही कारण नाही. प्रश्न गंभीर आहे; फक्त तो ज्या रूपात विचारला जातो ते रूप खोटे आहे. मुलाच्या वयाविषयी बोलताना सर्वजण वस्तुत: तिकिटाच्या दराविषयी आणि आईबापांना मिळणाऱ्या रजेविषयी बोलत असतात.

धंद्याचे उत्तर आधी ऐकले पाहिजे, कारण ते निदान स्वच्छ असते. अमेरिकेतील डिस्नीच्या उद्यानांत तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. तीन ते नऊ हे बालपण. दहावे लागले की माणूस प्रौढ झाला. मधल्या बालपणाला जी सवलत मिळते ती इतकी किरकोळ असते की त्या पैशांत आत एक वेळचे जेवणही होऊ नये. विमान कंपनीच्या लेखी दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल अर्भक असते, त्यानंतर ते जागा अडविणारा प्रवासी होते. भारतीय रेल्वेत बारा पूर्ण होईपर्यंत अर्धे तिकीट ही गोष्ट कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. परंतु २१ एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे द्यावे लागते. माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे ह्या एका बदलातून सात वर्षांत रेल्वेला २,८०० कोटी रुपयांहून अधिक जादा उत्पन्न झाले. बालपणाची सात वर्षे एका परिपत्रकाने प्रौढ झाली, आणि त्याचा साधा गवगवाही झाला नाही. ह्याच मुलाला कामावर ठेवावयाचे तर कायद्याने त्याची चौदा वर्षे पूर्ण व्हावी लागतात (२०१६ च्या दुरुस्तीने कौटुंबिक व्यवसायाची पळवाट मोकळी ठेवली, ती गोष्ट वेगळी). मत देण्यास अठरा लागतात. पैसे खर्च करण्यापुरते मात्र ते दहाव्या वर्षीच सज्ञान ठरते.

भारतातील अनेक उद्यानांनी वयाची भानगडच ठेवलेली नाही. दारापाशी उंचीची पट्टी असते आणि तिच्यावरून दर ठरतो. ह्या पट्टीचा दुसरा एक उपयोग आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. वेगाने फिरणाऱ्या खेळांत चाळीस इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर, उंची नसलेल्या मुलाला बसू देत नाहीत, कारण आसनाचा दांडा आणि पट्टा लहान शरीराला धरून ठेवू शकत नाही. ती पट्टी बापाचा पगार विचारीत नाही. मुलाला जपण्यापुरतीच ती उभी असते. संपूर्ण उद्यानात इतकी निर्व्याज वस्तू दुसरी सापडणार नाही. परंतु तीच पट्टी तिकिटाच्या खिडकीशी आणून ठेवली की वेगळेच चित्र दिसू लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. मेळघाटातील किंवा मोखाड्यातील एखादे दहा-अकरा वर्षांचे मूल कोणी ह्या खिडकीपर्यंत आणलेच, तर त्याला बहुधा लहान मुलाच्या दरात आत सोडतील. देशाने त्याच्या उपासमारीची एवढी तरी भरपाई करावी!

आता मूळ दराकडे वळावयाचे. जुलै १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील अॅनहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा प्रौढाला प्रवेश एक डॉलर आणि मुलाला पन्नास सेंट होता. आतील खेळांचे तिकीट वेगळे. अमेरिकेचे राष्ट्रीय किमान वेतन त्या वर्षी तासाला पाऊण डॉलर होते. खेळांचे पैसे धरून दिवसाचा खर्च माणशी साडेतीन डॉलर मानला, तरी तो पाचएक तासांच्या मजुरीत भागत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच उद्यानाचा गर्दीच्या दिवसांचा दर २०६ डॉलरवर गेला. राष्ट्रीय किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवर गोठलेले आहे. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसासाठी अठ्ठावीस तासांची मजुरी. आणि आईबाप व दोन मुले अशा कुटुंबासाठी जवळजवळ पावणेतीन आठवड्यांची. कॅलिफोर्निया राज्याने स्वत:चे किमान वेतन २०२४ मध्ये सोळा डॉलर केले होते, त्यामुळे तेथील मजुराला माणशी तेरा तास पुरतात. पण हे उद्यान केवळ त्या राज्यातील मजुरांसाठी बांधलेले नाही. शिवाय ह्यात राहणे, जेवणे आणि प्रवास धरलेला नाही.

दराच्या जोडीला रजा येते. अमेरिकेत कामगाराला पगारी सुट्टी देण्याचे बंधन मालकावर घालणारा राष्ट्रीय कायदाच नाही. १९३८ च्या श्रम कायद्याने कामाचे तास आणि किमान वेतन बांधून दिले, सुट्टीला हात लावला नाही. जी काही सुट्टी मिळते ती मालकाच्या मर्जीने अथवा संघटनेच्या जोरावर. साहजिकच सामान्य कुटुंब मुलाच्या अख्ख्या बालपणात अशा सहलीला एकदा जाऊ शकते, फार तर दोनदा. एकदाच जावयाचे म्हटले की वर्ष निवडावे लागते, जसा लग्नाचा मुहूर्त निवडावा तसे. मग मुलाची उंची, झोपेच्या वेळा, भीती, स्मरणशक्ती ह्या सगळ्यांची कुंडली मांडली जाते. प्रौढ माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे फारसे काही आठवत नाही, हे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्याचा अर्थ आईबाप असा लावतात की त्याआधी खर्च केलेला पैसा बुडाला. चार वर्षांच्या मुलीने पाण्यात पाय बुडवून केलेला आनंद हा तिच्या पंचविसाव्या वर्षी आठवणीच्या रूपाने वसूल झाला पाहिजे, असा हिशेब प्रेमळ माणसांच्या तोंडी येऊ लागतो. ह्यात त्यांचा दोष नाही. ज्याच्यासाठी तीन आठवडे राबावे लागले त्याची पावती माणूस जपून ठेवतोच.

फ्रान्समध्ये ही गोष्ट दुसऱ्या टोकापासून सुरू झाली. १९३६ च्या उन्हाळ्यात, संपांच्या प्रचंड लाटेनंतर, लेऑन ब्लुम ह्यांच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा दिला. लिओ लाग्रांज ह्या तरुण समाजवादी उपमंत्र्याने सुट्टीवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळविली. त्या ऑगस्टमध्ये हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. उजव्या वृत्तपत्रांनी त्यांची टवाळी केली ती त्यांच्या कपड्यांवरून आणि टोप्यांवरून. १९८२ मध्ये मित्तराँ सरकारने रजा पाच आठवड्यांवर नेली. पुढे १९९२ मध्ये पॅरिसजवळ डिस्नीचे उद्यान उघडले तेव्हा आरिआन म्नुश्किन ह्या थोर नाट्यदिग्दर्शिकेने त्याला ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. त्यांच्या संतापाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, पाच आठवड्यांची रजा असलेल्या कामगाराने त्यांतील दोन दिवस उंदराच्या संगतीत घालविले म्हणून संस्कृती बुडत नाही. ज्याला रजाच नाही त्याचा विचार आधी झाला पाहिजे.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. त्याच कायद्यात बालकामगाराला दर पंधरा दिवसांमागे एक दिवस होता. लहान शरीराला विश्रांती अधिक लागते एवढे तरी कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली, परंतु वीसामागे एक हे प्रमाण तसेच ठेवले. आणि हे सारे हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी. नाका कामगार, घरकामगार, कंत्राटी सफाई कामगार, शेतमजूर ह्यांच्या कोशात ‘पगारी रजा’ हा शब्द नाही. त्यांच्या मुलांना प्रवास घडत नाही असे मात्र नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या आणि बिछान्यांच्या मध्ये तान्ही मुलेही असतात. पाच-सहा महिन्यांच्या त्या वास्तव्याला मूल कोणत्या वयात न्यावे, ह्याविषयी प्रवासाच्या पुरवण्यांत लेख येत नाहीत.

जत्रेने हा वयाचा प्रश्न कधी विचारला नाही, आणि त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. जत्रेला फाटक नसते. अंगावरचे पोर आईच्या कडेवर येते, चालते पोर बापाच्या खांद्यावर बसते, आजीही काठी टेकीत येते. कोणी पाळण्यात बसतो, कोणी पिपाणी घेतो, कोणी गोडीशेवेच्या पुडीवर समाधान मानतो. पैसे कमी असतील तर एक फेरी कमी होते, जत्रा चुकत नाही. जे मूल पाळण्याला भिते ते खाली उभे राहून बघते आणि पुढच्या वर्षी बसते. सगळे मर्म ह्या पुढच्या वर्षात आहे. ज्या करमणुकीला पुढचे वर्ष असते, तिच्यासाठी मूल केव्हा योग्य होईल हे ठरवावे लागत नाही. ते आपले आपण होते. न्यूयॉर्कच्या कामगारांना हेच सुख कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर मिळत असे. १९२० मध्ये भुयारी रेल्वे तेथवर पोहोचली आणि पाच सेंटांत सारे शहर समुद्रावर येऊ लागले. ती गर्दी आणि तो गोंगाट वॉल्ट डिस्नीला नकोसा होता. त्याने आपले उद्यान मोटाररस्त्याच्या कडेला बांधले, भोवती मातीचा उंच बांध घातला आणि एकच दार ठेवले.

जत्रेचे गोडवे गाताना डोळ्यांवर कातडे ओढून घेण्याचे कारण नाही. जत्रेत जातीची उतरंड होती आणि अजून ती पुरती मोडलेली नाही. आकाशपाळण्याचे बोल्ट कोणी तपासले, हे पाळणेवाल्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. थीम पार्कमध्ये सुरक्षिततेची जी शिस्त असते ती तेथे नसते. पण ह्या उणिवांवर इलाज आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या व शासनाच्या हाती आहे. पाळण्याला तपासणीचा दाखला लागावा ही मागणी फार खर्चाची नाही.

ह्या ठिकाणी पक्षातील जुन्या जाणत्यांचा एक आक्षेप येतो. असली उद्याने म्हणजे श्रमिकांना गुंगी आणणारी अफू, तेव्हा त्यांची चर्चा करून त्यांना प्रतिष्ठा कशाला द्यावयाची? आक्षेपाला आधार आहे. १८४३ मध्ये कोपनहेगनला तिवोली उद्यान काढण्याची परवानगी मागताना गेओर्ग कार्स्टन्सेनने, लोक करमणुकीत दंग असले की राजकारणाचा विचार करीत नाहीत, असे राजाला पटवून दिल्याची कथा आहे. राजाला ते पटले. मात्र तेवढ्याने डेन्मार्कचा कामगार झोपी गेला नाही. त्याने पुढे युरोपातील अत्यंत बळकट कामगार चळवळींपैकी एक उभी केली आणि रविवारी तिवोलीलाही गेला. मुलाच्या आनंदाकडे संशयाने पाहणारा कार्यकर्ता मुलाला काही शिकवीत नाही. तो फक्त त्या घरातून उठून जातो आणि रिकामी जागा जाहिरातदाराला मिळते. ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दल उभे राहिले तेव्हा त्याच्या शाखांत खेळ होते, गाणी होती, कलापथके होती, शिबिरे होती. साने गुरुजींना मुलांच्या खेळण्याची लाज वाटत नव्हती.

आणि उद्यानात राबणाऱ्यांचे काय? जादूच्या नगरीतही झाडूवाले, स्वयंपाकी आणि मुखवट्याआड घामाघूम होणारी माणसे असतात. डिस्नेलँडच्या कामगारांनी १९८४ मध्ये बावीस दिवस संप केला होता. २०१८ मध्ये कामगार संघटनांनी करविलेल्या पाहणीत, तेथील सुमारे दहापैकी एका कर्मचाऱ्याने मागील दोन वर्षांत आपल्यावर बेघर होण्याची पाळी आल्याचे सांगितले. मे २०२४ मध्ये तेथील पात्रांचे पोशाख घालून मुलांना भेटणाऱ्या कलावंतांनी मोठ्या बहुमताने संघटनेच्या बाजूने मतदान केले. मुलाला उद्यानात नेणाऱ्या पालकाने त्याला एवढे जरूर सांगावे की त्या मोठ्या कानांच्या आत एक माणूस आहे आणि त्याला एक संघटना आहे. सहा वर्षांच्या मुलाला हे समजते. जादू उडते असे म्हणणाऱ्यांनी बाहुल्यांचा खेळ बघणारी मुले पाहिलेली नाहीत. सूत्रे हलविणारा दिसत असतानाही ती खिळून बसतात.

महाराष्ट्रात ह्या साऱ्याची झळ प्रत्यक्ष लागते ती शाळेच्या वर्गात. शैक्षणिक सहल ही एके काळी रायगडाला, कार्ल्याच्या लेण्यांना, एखाद्या धरणावर किंवा दूध डेअरीत जात असे. तेथेही न येऊ शकणारी मुले असत. आता अनेक शाळांच्या सहली थीम पार्ककडे वळल्या आहेत. उद्याने शाळांसाठी खास दर काढतात आणि शिक्षकांनाही मुले एका आवारात राहण्याची सोय वाटते. सहलीचे पैसे चढले की वर्गाचे दोन भाग पडतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांसाठी राखून ठेवल्या. त्या जागांवर आलेले मूल वर्षभर इतरांच्या शेजारी बसते, आणि सहलीच्या दिवशी त्याचे बाक रिकामे राहते. ते घरी राहते, म्हणजे पालकांना सोमवारी त्याला शाळेत पाठविण्याचीही लाज वाटते, कारण सोमवारी वर्गात दुसरा विषय नसतो. कोणत्या इयत्तेपासून मुलांना अशा उद्यानात न्यावे ह्यावर शिक्षकांच्या बैठकीत चर्चा होते. कोणत्या मुलांना, ही चर्चा इतिवृत्तात येत नाही.

ह्या बाबतीत पक्षाच्या कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. संपूर्ण वर्ग येईल अशीच सहल काढावी, आणि दर त्या वर्गातील सर्वांत गरीब घराला झेपेल असाच ठेवावा किंवा तो सर्वांच्या वर्गणीतून नावे न फोडता भरावा, असा ठराव तेथे मांडता येतो. शालेय सहलींना एस.टी. निम्म्या भाड्यात बस देते. त्या सवलतीचा लाभ आपल्या तालुक्यातील किती शाळा घेतात, हे आगारात जाऊन विचारता येते. नगरपालिकांच्या निवडणुकीत बागांचा प्रश्न लढविता येतो. मुंबई महापालिकेने १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू उद्यान केले आणि म्हातारीच्या बुटात गिरणगावच्या मुलांनाही फुकट चढू दिले. पुणे महापालिकेने १९५६ मध्ये पेशवे पार्कात फुलराणी सोडली. ह्या गोष्टी श्रीमंत पालिकांनी केलेल्या नाहीत, स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकातील हात आखडून खर्च करणाऱ्या पालिकांनी केल्या. उलट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वनराणी २०२१ च्या चक्रीवादळात रूळ खचल्यावर काही वर्षे बंद राहिली, आणि तेवढ्या काळात ज्यांचे बालपण सरले त्यांची भरपाई कोणत्याही परिपत्रकाने होणार नाही. पगारी रजेची मागणी तर घरकामगार आणि कंत्राटी कामगार संघटनांच्या मागणीपत्रात वेतनाच्या खालोखाल आली पाहिजे, आणि ती ‘मुलांच्या सुट्टीत सलग’ अशी आली पाहिजे. वर्षभर विखुरलेल्या पंधरा दिवसांत आजारपणे आणि मर्तिके उरकतात. मुलांना घेऊन कोठे जाणे होत नाही.

शाळांच्या सहली बहुतेक हिवाळ्यात निघतात. तेव्हा समित्यांच्या बैठका दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व्हावयास हव्यात, सहलीचे पत्रक मुलांच्या हाती पडण्याच्या आत. पत्रक घरी गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी कोणकोणती मुले ‘मला गाडी लागते’ म्हणून सांगत येतात, ते प्रत्येक वर्गशिक्षकाला पाठ असते.